शष्प, परिहार आणि गव्हाण : हिंगोली प्रांतांतील वैरणीच्या इतिहासाचें एक प्रकरण

गेल्या वैशाखांत कळमनुरी तालुक्यांतील एका खेड्यांत आमचें जाणें झालें. निमित्त एका घरच्या दप्तरांतील मोडी रुमाल पाहण्याचें होतें. दप्तर वाळवीनें व उंदरांनीं अर्धें संपविलें होतें, आणि राहिलेल्यांत सनद म्हणून एकहि नव्हती. परंतु निघण्यापूर्वीं यजमानांच्या चिरंजीवांनीं आम्हांस गोठ्यामागें नेऊन जें दाखविलें, त्यावरून प्रस्तुत लेख लिहिण्याचें मनांत आलें. हिरव्या जाळीच्या आडोशाला बांबूच्या मांडणीवर प्लॅस्टिकचीं पसरट तबकें एकावर एक ठेविलीं होतीं. प्रत्येकांत मक्याचे कोंब वीतभर उंच, एकास एक लागून दाट उभे होते. खालीं माती नव्हती; मुळेंच एकमेकांत गुंतून त्यांची चटई झाली होती व तिच्यावर ती हिरवळ उभी होती. मुलानें एक तबक पालथें करून ती चटई अखंड बैलापुढें टाकली, आणि बैलानें मुळांपासून शेंड्यांपर्यंत सर्व खाल्लें. अंगणांतील आडाला त्या दिवशीं जेमतेम दोन हात पाणी होतें.

यास हल्लीं ‘हायड्रोपोनिक चारा’ म्हणतात. कोणी ‘मातीविना चारा’ असेंहि म्हणतात, व तें नांव आम्हांस अधिक बरें वाटतें. ही विद्या वेदांत सांगितली आहे असें त्या मुलानें एका व्याख्यानांत ऐकलें होतें, आणि आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेलेला असल्यानें त्यानें आम्हांसच विचारलें, “गुरुजी, हें खरें का?” तेथें आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचें योजिलें आहे. आणि तें देतां देतां वैरणीचा प्रश्न या प्रांतांत मुळांत उत्पन्न कां झाला, हेंहि पाहणें प्राप्त आहे.

आधीं कृति सांगतों. मका निवडून, धुऊन बारा ते चोवीस तास भिजत घालितात. मग ओल्या गोणपाटांत बांधून एक दिवस ठेविला म्हणजे त्यास मोड येतात. ते मोड तबकांत पातळ थरानें पसरून दिवसांतून अनेक वेळां झारीनें अगर बारीक तुषारांनीं शिंपडतात. तबकांस भोंकें असल्यामुळें पाणी सांचत नाहीं. सातव्या-आठव्या दिवशीं चारा तयार होतो. रोज एक तबक काढावें व रोज एक भरावें, असा हा रहाट आहे. खत लागत नाहीं, ऊन बेताचेंच लागतें. शत्रु एकच, तो बुरशी; ती धरली म्हणजे तबकच्या तबक उकिरड्यावर टाकावें लागतें.

आतां व्याख्यात्याचें विधान पाहूं. सौत्रामणी यागांत सुरा सिद्ध करण्यासाठीं जीं द्रव्यें लागतात त्यांत ‘शष्प’ व ‘तोक्म’ हे दोन शब्द येतात. मोड आणलेली साळ ती शष्प, आणि मोड आणलेले यव ते तोक्म, असा याज्ञिकांचा अर्थ आहे. तेव्हां धान्य भिजवून त्यास कोंब आणण्याची कृति ब्राह्मणग्रंथांइतकी जुनी आहे, यांत शंका नाहीं. गमतीची गोष्ट अशी कीं, हाच शष्प शब्द अमरसिंह आपल्या कोशांत बालतृण, म्हणजे कोंवळें गवत, या अर्थानें देतो, आणि त्याच्याच शेजारीं ‘घास’ व ‘यवस’ हे गुरांच्या चाऱ्याचे शब्द बसवितो. मोड आलेलें धान्य आणि कोंवळें गवत हे दोन अर्थ एकाच शब्दांत नांदले, यावरून या दोहोंचें रूपसाम्य जुन्यांच्या डोळ्यांत भरलें होतें असें म्हणतां येईल. परंतु याहून अधिक म्हणतां येणार नाहीं. यज्ञांतलें शष्प सुरेच्या भांड्यांत गेलें. गव्हाणींत गेलें नाहीं.

दुसरें साम्य आगमग्रंथांतील अंकुरार्पणाचें. देवप्रतिष्ठा, उत्सव, विवाह इत्यादि मंगलकार्यांपूर्वीं नऊ, सात, पांच किंवा तीन दिवस आधीं पालिका नांवाच्या पात्रांत बीजें पेरावयाचीं व त्यांच्या अंकुरांवरून शुभाशुभ पाहावयाचें, असा तो विधि आहे. आपल्याकडे शारदीय नवरात्रांत घटाभोंवतीं शेतांतली माती पसरून धान्य पेरितात, तें याच विधीचें घरगुती रूप दिसतें. मराठवाड्यांत ज्याचें शेत आहे त्याच्या घरीं घट चुकत नाहीं. दसऱ्यास ते पिंवळे-हिरवे तुरे टोपींत अगर पागोट्यांत खोवून मंडळी सीमोल्लंघनास जातात. पेरणीपासून तुरा खोवीपर्यंत नऊ-दहा दिवस, आणि तबकांतल्या मक्यासहि आठ दिवस, हा मेळ पाहण्यासारखा आहे. रब्बीची पेरणी नवरात्रानंतर लागलीच येत असल्यामुळें कोणतें बी कसें उगवतें याची परीक्षाहि शेतकऱ्यास घटांत आयती होत असावी, असा आमचा तर्क आहे. परंतु घटास माती असते, आणि घटाचे अंकुर देवीचे असतात. ते पुढें पाण्यांत सोडितात.

माणसाच्या आहाराविषयीं विचारावें, तर वाग्भटानें अष्टांगहृदयांत ‘विरूढक’, म्हणजे मोडाचें धान्य, नित्य सेवूं नये अशा पदार्थांत घातलें आहे. आणि वेदांतील गाईबद्दल विचारावें, तर ऋग्वेदांत तिच्यासाठीं ‘सूयवस’ असा सुंदर शब्द आहे. चांगलें यवस खाणारी व निर्मळ पाणी पिणारी गाय, अशी ती कल्पना आहे. तें यवस तिनें हिंडून खावयाचें आहे. तिच्यापुढें कोणी तबक आणून पालथें करीत नाहीं. सबब व्याख्यात्याच्या विधानाचा निकाल असा: कोंब आणण्याची कृति आपली व प्राचीन, तो कोंब चारा म्हणून घालण्याची कृति आधुनिक. आपल्या ग्रंथांत जें आहे तें थोडें नाहीं. त्यांत नसलेलें घालून त्यांची थोरवी वाढत नाहीं, त्यांचा विश्वास मात्र कमी होतो.

मग असा प्रश्न उरतो कीं, कोंबाचें गवताशीं असलेलें साम्य ज्यांना दिसलें त्यांनीं दुष्काळांतहि तो गुरांस कां घातला नाहीं? उत्तर सरळ आहे. धान्य हें माणसाचें. आणि गुरांसाठीं गांवाजवळ राखलेली जमीन होती. ही दुसरी गोष्ट कायद्यानें होती, हें आपण विसरून गेलों आहों.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी १९०५ सालीं म्हैसूरच्या संग्रहांत उजेडांत आली व शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं ती छापली, हें वाचकांस विदित आहेच. त्या ग्रंथांत न नांगरल्या जाणाऱ्या भूमीवर पशूंसाठीं ‘विवीतें’, म्हणजे कुरणें, द्यावीं असें सांगून पुढें त्यांवर एक विवीताध्यक्षहि नेमला आहे. गोध्यक्षाच्या प्रकरणांत बैलाचा शिधा दिला आहे, तो तर हल्लींच्या पशुवैद्यानेंहि वाचावा असा आहे. नाथलेल्या व घोड्याच्या चालीनें गाडी ओढणाऱ्या बैलास अर्धा भार यवस, त्याच्या दुप्पट तृण, एक तुला घाण्याची पेंड, दहा आढक कणी-कोंडा व पांच पल मीठ. यांत यवस व तृण हीं दोन निराळीं धरलीं आहेत, हें लक्षांत घ्यावें. यवस म्हणजे पौष्टिक चारा व तृण म्हणजे साधें गवत असा भेद आम्ही समजतों. यवस शब्दाचें यव या धान्याशीं नातें उघडच दिसतें. पौष्टिक थोडा, साधा दुप्पट, हें प्रमाण पुढें एकदां उपयोगीं पडणार आहे.

स्मृतींत याच राखीव भूमीस ‘परिहार’ अथवा ‘परीहार’ हें नांव आहे. मनूनें गांवाभोंवतीं शंभर धनुष्यें रुंदीचा पट्टा सोडावयास सांगितलें आहे व नगरास त्याच्या तिप्पट. याज्ञवल्क्यानें गांवास शंभर, खर्वटास दोनशें व नगरास चारशें धनुष्यें म्हटलीं आहेत. या पट्ट्यांत कोणी कुंपण न घालतां पीक केलें व गुरांनीं तें खाल्लें, तर गुराख्यास दंड नाहीं, असेंहि मनु म्हणतो. म्हणजे अतिक्रमण तेव्हांहि होत असलें पाहिजे. नाहींतर नियम कशाला?

आतां ग्रंथ बाजूस ठेवून आमच्या प्रांताकडे येऊं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणींतून निराळा झाला. जुन्या इतिहासांत त्या नांवाचा प्रांत शोधणें व्यर्थ आहे. परंतु नांदेडहून उत्तरेस वाशीमकडे जाणारी वाट हिंगोलीवरून जाते, आणि याच वाटेच्या मुलुखासंबंधाचा एक अत्यंत जुना लेख उपलब्ध आहे. तो वाशीम येथें १९३९ सालीं सांपडलेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट होय. वत्सगुल्म म्हणजे वाशीम येथून, राज्याच्या ३७ व्या वर्षीं, ‘नंदिकड’ म्हणजे नांदेड याच्या उत्तर मार्गांतील आकासपद्द नांवाचा गांव त्यांत ब्राह्मणांस दिला आहे. काळ इसवी सनाच्या चौथ्या शतकाचा उत्तरार्ध. वंशावळीचा भाग संस्कृत व व्यवहाराचा भाग प्राकृत, ही त्याची ठेवण भाषाभ्यासकांस परिचित आहे. आकासपद्द म्हणजे आजचें नेमकें कोणतें खेडें या वादांत आम्ही शिरत नाहीं. नांदेडच्या उत्तरेकडचा मार्ग म्हणजे पैनगंगा व कयाधू यांच्या आसपासचा मुलूख, एवढें पुरे आहे.

या पटांत दान दिलेल्या गांवास ज्या सवलती सांगितल्या आहेत, त्यांची यादी पुढच्या वाकाटक पटांत संस्कृतांत येते. चम्मकच्या पटांत ती स्वच्छ आहे, आणि तिच्यांत ‘अचारासनचर्माङ्गार’ असा एक समास आहे. फ्लीटनें १८८८ च्या आपल्या ग्रंथांत या समासांतून कुरण, कातडीं व कोळसा यांवरील हक्क असा अर्थ काढला. महामहोपाध्याय मिराशी यांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या वाकाटक लेखांच्या ग्रंथांत, फिरतीवरच्या राजपुरुषांस चारा, बसावयास कातडीं व कोळसा पुरविण्याची जबाबदारी या गांवावर नाहीं, असा अर्थ घेतला आहे. आम्हांस मिराशींचा अर्थ ग्राह्य वाटतो. सवलतींच्या या मालिकेंत राजपुरुषांच्या उपद्रवाच्याच गोष्टी एकामागून एक आल्या आहेत. गाईबैल, फुलें, दूध यांच्याच रांगेंत चारा आहे. सरकारी माणूस गांवांत आला म्हणजे त्याच्या घोड्यासाठीं गवताची गंजी फुटावयाची, आणि ती फुटूं नये हें मोठें दान समजलें जाई. सोळाशें वर्षांपूर्वीं या मुलुखांत चारा ही राजानें मुद्दाम सोडून द्यावी अशी वस्तु होती. ताम्रपट वाचतांना आम्ही संशोधक वंशावळीपाशीं थांबतों व सवलतींवरून घाईनें पुढें जातों. वास्तविक शेतकऱ्याचें घर त्या सवलतींत आहे.

हाच उपद्रव तेराशें वर्षांनीं दुसऱ्या एका प्रसिद्ध कागदांत दिसतो. प्रांत निराळा असला तरी त्याचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. चिपळुणच्या छावणींतील जुमलेदार-हवालदारांस शिवछत्रपतींनीं राज्याभिषेकापूर्वीं लिहिलेलें पत्र राजवाड्यांनीं छापलें आहे. पावसाळ्याच्या बेगमीचा दाणा व वैरण आतांच बेपर्वाईनें संपविली तर पुढें घोडीं मरतील व तीं तुम्हींच मारिलीं असें होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरचें गवत, लांकूड, भाजीपाला ओढाल व तो मोंगल बरा म्हणूं लागेल. आणि वैरणीच्या शेजारीं दिवा, चिलीम, चूल यांची आग संभाळा, एवढा त्याचा आशय आहे. दिव्याची वात उंदीर नेईल इथपर्यंत ज्याची दृष्टि पोंचली, त्या राज्यकर्त्यास गवताची गंजी काय असते हें कळलें होतें.

हिंगोलीचा घोड्यांशीं संबंध पुढें फार निकटचा आला. निजामाच्या कंटिंजंट फौजेची येथें मोठी छावणी होती, आणि शहरांतील रिसाला बाजार हें नांव अद्याप तिची आठवण देतें. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांकडे गहाण पडलें तें याच फौजेच्या खर्चासाठीं, आणि १९०३ सालीं ती फौज हिंदी सैन्यांत मिळविण्यांत आली. तिचें घोडदळ शिलेदारी पद्धतीचें होतें. घोडा शिलेदाराचा व त्याची वैरणहि त्यानेंच पाहावयाची. दोन घोड्यांमागें एक तट्टू व एक घासकाप्या असा या पद्धतीचा सामान्य संकेत असे. शेंकडों घोडीं रोज दाणावैरण खात असतां आसपासचीं रानें राखल्यावांचून हें चालणें शक्य नव्हतें. छावणीच्या लढायांचे वृत्तांत मिळतात. तिच्या घासकाप्यांविषयीं लिहावयाचें कोणास सुचलें नाहीं.

घोड्यांचें झालें. कुणब्याचे बैल मुख्यतः दोन गोष्टींवर जगले: गायरान आणि कडबा. निजामी अमलांतहि गांवोगांव गुरांसाठीं जमीन राखलेली असे, व तिला गायरान हेंच नांव होतें. स्मृतींतला परिहार तो हाच, फक्त नांव बदललेलें. आणि ज्वारीचें पीक असें कीं, कणीस माणसाचें व धाट जनावराचें. एका पेरणींत दोघांची वाटणी. कापणी झाली म्हणजे कडब्याच्या पेंढ्या बांधून वळई रचावयाची, ती आषाढापर्यंत पुरावयाची. या दुहेरी व्यवस्थेंत चाऱ्यासाठीं वेगळें पाणी असें कोणी कधीं दिलेंच नाहीं. पाऊस ज्वारीवर पडे, व चारा तिच्या पोटांतून फुकट निघे. मराठवाड्याच्या वैरणीच्या इतिहासांतील मर्म हेंच आहे, असें आम्ही समजतों. लाल कंधारी व देवणी या गोवंशांची मजबूत, थोडक्यांत निभावणारी जनावरें या भागांत निपजलीं तीं अशा चाऱ्यावर.

ही व्यवस्था गेल्या साठ-सत्तर वर्षांत मोडली. दोष एकाचा नाहीं. १९६४ सालीं संकरित ज्वारीचा पहिला वाण आला. त्यानें दाणा भरपूर दिला, पण धाट आंखूड झालें. १९७२ च्या दुष्काळांत माणसांचेंच हाल झाले, तेथें गुरांचें काय सांगावें! पुढें ज्वारीची जागा सोयाबीननें घेतली, वसमतकडे हळद वाढली, कापूस होताच. सोयाबीनचें कुटार गुरें खातात, पण कडब्याची सर त्यास नाहीं. गायरानाची कथा अधिक नाजूक आहे. गांवांत ज्यांच्या नांवावर जमिनीचा तुकडाहि नव्हता अशा भूमिहीनांनीं, आणि त्यांत बहुतेक दलित होते, गायरानें कसावयास घेतलीं. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालीं १९६४ सालीं झालेला भूमिहीनांचा सत्याग्रह वाचकांस ठाऊक असेल. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयानें १४ एप्रिल १९९० पूर्वींचीं अशीं अतिक्रमणें कायम करण्याची वाट मोकळी झाली. ज्याचें घर पिढ्यान्‌पिढ्या गांवकुसाबाहेर ठेविलें, त्यानें गुरांची जमीन मागितली तर त्यास गुरांचा शत्रु म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु बळकटांनींहि पुष्कळ गायरान दाबलें, व सरकारी इमारतींनीं कांहीं गिळलें, हेंहि खरें. २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गांवांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याविषयीं कडक निकाल दिला, तोंपर्यंत राखण्याजोगें पुष्कळसें उरलें नव्हतें.

हिंगोलींत पाऊस सरासरीनें साडेआठशें ते नऊशें मिलिमीटरच्या आसपास पडतो. यास कोरडा प्रांत म्हणतां येत नाहीं. ईसापूर व सिद्धेश्वर यांसारखीं धरणें जवळ आहेत. तरी पठारावरच्या काळ्या कातळांत पाणी मुरत नाहीं, आणि फाल्गुन लागला म्हणजे आड तळ दाखवितात. २०१२-१३ व २०१५-१६ या अवर्षणांत मराठवाड्याच्या बीड, उस्मानाबाद (आजचें धाराशिव) इत्यादि जिल्ह्यांत चारा-छावण्या उघडाव्या लागल्या. २०१६ च्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आलें. तबकांतल्या चाऱ्याचा बोलबाला मराठवाड्यांत झाला तो याच वर्षांच्या आगेमागें.

या विद्येचा जन्म पश्चिमेकडचा. माती नसतां क्षारांच्या पाण्यावर रोपें वाढवितां येतात, हें एकोणिसाव्या शतकांत साक्स व नोप या जर्मन शास्त्रज्ञांनीं प्रयोगशाळेंत दाखविलें. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गेरिकनें तें प्रयोगशाळेबाहेर काढून १९३७ सालीं त्यास ‘हायड्रोपोनिक्स’ हें ग्रीक धातूंवरून घडविलेलें नांव रूढ केलें. आपल्या देशांत शोल्टो डग्लस यानें १९४६ पासून बंगालांतील कालिंपाँग येथें प्रयोग करून स्वस्त ‘बंगाल पद्धति’ बसविली. चाऱ्यापुरतें पाहतां आपल्यास जवळचें काम गोव्यांतलें. जुन्या गोव्यांतील भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या संस्थेनें गेल्या दशकाच्या आरंभीं मक्याच्या कोंबांचें मोजमाप करून तें प्रसिद्ध केलें. पुढील हिशेबास तेंच आधारभूत धरलें आहे.

एक किलो मक्यापासून सुमारें पांच ते सहा किलो हिरवा चारा निघतो. एक किलो चाऱ्यास दीड लिटर पाणी लागतें, तें पाणी पुनः वापरलें तर. वाहूं दिलें तर तीन लिटर. बैलास रोज दहा किलो घालावयाचा म्हटलें तर पंधरा ते तीस लिटर पाणी झालें. एवढें तर एका बैलास पिण्यासहि पुरत नाहीं. तेव्हां दोन हात पाण्याच्या आडावर त्या मुलाचा रहाट कसा चालला होता याचा उलगडा होतो. येथवर स्तुति रास्त आहे.

परंतु एका किलोचे साडेपांच किलो झाले, यांत वाढलें काय, तें पाहावें. कोरड्या मक्यांत शेंकडा सुमारें दहा भाग पाणी, म्हणजे किलोमागें नऊशें ग्रॅम शुष्कांश धरूं. कोंबांच्या चाऱ्यांत शुष्कांश शेंकडा अकरा ते चौदा; साडेपांच किलोंत तो सातशें ग्रॅमांच्या आसपास भरतो. म्हणजे वजन पाण्यानें वाढलें आणि पदार्थ दोनशें ग्रॅम घटला. कोंब फुटतांना पिष्ट जळतें, त्याचा हा परिणाम. प्रथिनांचें शेंकडा प्रमाण वाढलेलें दिसतें त्याचेंहि एक कारण हेंच. भागिलें ज्यानें, तो भाजकच लहान झाला. चारा मऊ, रुचकर व पचनास सोपा होतो, हा लाभ निर्विवाद आहे. पण दहा किलोंत केवळ सव्वा किलो सत्त्व आहे हें ओळखून त्यावर एकट्यावर जनावर ठेवूं नये. कोरडी वैरण सोबत हवीच. कौटिल्याचें अर्धा भार यवसास दुप्पट तृण हें प्रमाण आम्हीं मागें लक्षांत ठेवावयास सांगितलें, तें एवढ्यासाठीं.

पाण्याच्या हिशेबांतहि एक रकम लपलेली आहे. मक्याचा दाणा आकाशांतून पडत नाहीं. एक किलो मका शेतांत पिकावयास हजार लिटरांच्या घरांत पाणी लागतें, बहुतेक पावसाचें. दहा किलो चाऱ्यामागें पावणेदोन-दोन किलो मका लागला, तर त्याच्या पाठीमागें दोन हजार लिटर पाणी कोठेंतरी खर्च झालें आहे. तें कळमनुरीच्या आडांतलें नाहीं, हें खरें. जेथें पाऊस झाला तेथून तो पोत्यांत भरून येतो, एवढाच अर्थ. अवर्षणांत आपलें पाणी वाचविणें हें मोलाचें आहे, व त्यासाठीं ही युक्ति उत्तम. परंतु तिनें पाणी निर्माण केलें किंवा जगाचें पाणी वाचविलें, असें समजणें म्हणजे शेजाऱ्याच्या कणगीवर आपली बेगमी मोजण्यासारखें आहे.

येथें कोणी म्हणेल, मका विकत कशाला, घरची ज्वारी कां वापरूं नये? या प्रश्नास इतिहासापेक्षां गोठ्यांतलें ज्ञान उत्तर देतें. ज्वारीच्या कोंवळ्या पोंग्यांत विष असतें. असे पोंगे गुरांनीं खाल्ले म्हणजे पोट फुगून, धाप लागून तीं घटकेंत मरतात. आपला शेतकरी ‘किराळ लागली’ असें म्हणतो. म्हणून या मुलुखाचें मुख्य धान्य या तबकांत चालत नाहीं. यव व गहूं चालतात. पण यव आमच्याकडे आतां पूजेपुरते राहिले, व गहूं माणसांस लागतो. राहिला मका, तो अमेरिकेंतून सोळाव्या शतकाच्या सुमारास या देशांत आला. शष्प व तोक्म ओळखणाऱ्या पूर्वजांपाशीं तो नव्हता. ही विद्या पूर्वीं कां नव्हती, याचें आणखी एक कारण यांत सांपडतें.

सबब त्या मुलास आम्हीं पत्रानें असें कळविलें आहे: वेदांत हें नाहीं, पण तूं करतोस तें वाईट नाहीं. चैत्र-वैशाखांत दोन बैल विकावे न लागतां मृगापर्यंत नेणें, एवढ्यापुरतें हें तबक खरें आहे. बारमाही त्यावर विसंबूं नकोस, बुरशीचें तबक मोह धरून घालूं नकोस, आणि बांधाला ज्वारीचे दोन तास धाटासाठीं पेरीत जा. त्यानें उलट लिहिलें, “गुरुजी, ज्वारी पेरली तर रानडुकरें ठेवीत नाहींत.” यावर आमच्यापाशीं उत्तर नाहीं. मनूच्या कुंपणाची आठवण मात्र झाली.

संग्राहक मित्रांस एक विनंति करावयाची आहे. वसमत, कळमनुरी, हिंगोली, औंढा, सेनगांव या भागांतील देशमुख-देशपांड्यांच्या घरचे रुमाल सोडतांना सनदा व वंशावळी बाजूस काढून बाकीचे कागद रद्दी समजण्याची वहिवाट आहे. त्या बाकीच्यांतच दाणावैरणीच्या याद्या, वनचराईचे आकार, कुरणांचे वाद व गायरानाचे चतुःसीमा-कागद असण्याचा संभव असतो. कोणत्या गांवास किती कुरण होतें व तें कोणत्या ओढ्यापासून कोणत्या वडापर्यंत होतें, हें आज तलाठ्याच्या दप्तरांतून जेवढें कळत नाहीं तेवढें एखाद्या फाटक्या यादींतून कळेल. ज्या घरीं आम्ही गेलों होतों तेथें उंदरांनीं कुरतडलेला जो एक गठ्ठा आम्हीं पहिल्या दिवशीं सनद नाहीं म्हणून परत बांधला, तो मार्गशीर्षांत पुनः जाऊन सोडणार आहों.